डिपरमध्ये दिसेना, अप्परमध्ये समोरच्याला दिसेना : हेडलाइटच्या कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

शुक्रवारी रात्री वाचलो, म्हणून ही वही.

कुपवाड एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट अकराला सुटते. आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडी मागे पडली की रस्त्यावरचे दिवे विरळ होतात आणि कसबे डिग्रजपासून आष्ट्यापर्यंत आपला हेडलाइट आणि आपण. त्यात रस्त्याचं काम सुरू आहे, जागोजागी डायव्हर्जन. शुक्रवारी पौर्णिमा होती, चांदणं पिठासारखं पडलेलं, म्हणून जरा निवांत साठच्या वेगाने येत होतो. तुंगच्या अलीकडे समोरून ट्रक आला, मी डिपर मारला, म्हणजे झोत खाली केला, ट्रक गेला आणि डोळ्यांसमोर काळोख. तो काळोख म्हणजे उसाची डबल ट्रॉली होती. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असतील तर लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेले. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं, साइडपट्टीवर उतरलो. उसाची पानं हेल्मेटला घासून गेली.

साखर कारखान्यांची धुराडी परवापासूनच पेटलीत. म्हणजे मार्चपर्यंत रोज रात्री हेच.

घरी येऊन कागदावर गणित मांडलं. साठचा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. बघून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लागला तरी २८ मीटर. एकूण ५३. ऐंशीच्या वेगाला हाच आकडा ८० च्या वर जातो. माझा डिपर किती लांबचं दाखवतो ते माहीत नाही, पण ५३ मीटर नक्कीच नाही.

गाडी २०१३ ची, दीडशे सीसी. बल्ब हॅलोजन, एचएस-वन, ३५/३५ वॅट. लाइट बॅटरीवरचा, डीसी. म्हणजे जुन्या गाड्यांसारखा रेस केल्यावर मोठा आणि गाडी उभी राहिली की मिणमिणता, असा प्रकार नाही. हे एक बरं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कामावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला : एलईडी टाक. शिफ्टच्या आधी दुकानात गेलो. मागे छोटा पंखा असलेला एलईडी बल्ब, ६५० रुपये, 'प्लग अँड प्ले'. दुकानदाराने पाच मिनिटांत बसवून दिला. दुकानाच्या शटरवर असा पांढराफेक उजेड पडला की शेजारचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. मीही खूश.

१९ नोव्हेंबर, मंगळवार (रात्री १२.४०)

खुशी एका रात्रीची. येताना डिपर असूनही नऊ जणांनी मला अप्पर, म्हणजे वरचा लांबचा झोत, मारला. मोजले मी. एका टेम्पोवाल्याने तर खिडकीतून आईची आठवण काढली.

आणि गंमत म्हणजे मला स्वतःला लांबचं कमी दिसत होतं. चाकापुढचे आठ-दहा मीटर लग्नाच्या मांडवासारखे लखलखीत, त्यापलीकडे भिंत. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यातली बाहुली आक्रसते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदानाची सुट्टी

सकाळी मत देऊन आलो, दिवसभर वायरिंगचा नकाशा काढला आणि अंधार पडल्यावर गाडी गोदामाच्या भिंतीसमोर लावली. सपाट जागा, पांढरी भिंत, अंतर ५ मीटर. मोबाइलमधलं लक्समीटर, म्हणजे उजेड मोजणारं ॲप, वापरलं. त्याचा आकडा खरा मानायचा नाही, पण त्याच मोबाइलने, त्याच जागी, आधी आणि नंतर मोजलं तर तुलना करता येते.

आधी एलईडी. भिंतीवर धुरळा. डिपरला वरच्या बाजूने कापल्यासारखी एक आडवी रेघ दिसायला हवी : खाली उजेड, वर अंधार. इथे रेघच नाही. उजेड भिंतभर सांडलेला, वर पत्र्यापर्यंत.

कारण बल्ब काढून शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं. हॅलोजन बल्बमध्ये डिपरची फिलामेंट म्हणजे तारेचं एक बारीक वेटोळं, आणि त्याच्या खाली धातूची छोटी वाटी. डूम म्हणजे बल्ब बसतो ते आतून चकाकीचं, पुढे काच असलेलं भांडं. वाटीमुळे उजेड डूमच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर जातो. डूमचा एकेक पैलू त्या वेटोळ्याची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीत वेटोळ्याच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप. जागा दीड-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, की डूम आपलं काम विसरतो. घरातल्या भिंगाने कागद जाळताना भिंग जरा हललं तर जसं होतं, तसं. उजेड तेवढाच, टोक नाही.

सगळेच एलईडी वाईट असं म्हणत नाही. नव्या गाड्यांना कंपनीतून येतात त्यांचा डूमच त्या चिपसाठी घडवलेला असतो. हॅलोजनच्या डूममध्ये एलईडी म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल.

हॅलोजन परत लावला. रेघ आली, वेडीवाकडी पण आली. सर्वांत उजळ जागी १६० लक्स.

मग मल्टिमीटर. चार हजार आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट. डिपर चालू ठेवून होल्डरच्या दोन पिनांमध्ये ११.९.

दोनदा तपासलं. ११.९ च. २.२ व्होल्ट मधेच कुठेतरी जातात. एकेक टप्पा मोजला : चावीच्या स्विचपर्यंत ०.५, हँडलवरच्या डिपर स्विचमध्ये ०.९, पुढच्या कपलरमध्ये आणि वायरीत ०.३, आणि अर्थिंगच्या बाजूने परत जाताना ०.५.

वायर बारीक म्हणून लाइट कमी, ही माझी समजूत. पण आत ०.५ स्क्वेअर एमएमची वायर आहे, जाऊन-येऊन चार मीटर धरली आणि तीन अँपिअर करंट धरला तर जेमतेम ०.४ व्होल्ट पडतात. बाकी सगळं खाल्लंय ते जुन्या कॉन्टॅक्टनी. अकरा पावसाळ्यांचा गंज.

आता यातलं महत्त्वाचं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. ११.९ भागिले १४.१, त्याचा घात घेतला तर ०.५६ येतं. म्हणजे जवळपास निम्मा उजेड बल्बपर्यंत पोचतच नव्हता, आणि मी दुकानात साडेसहाशे रुपये मोजून आलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

वायरमनकाकांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी ट्रॅक्टरपासून टँकरपर्यंत सगळ्यांच्या वायरी ओढल्यात. आकडे दाखवले तर म्हणाले, "मीटर कशाला पायजे मर्दा, बल्ब तांबडा दिसतोय म्हंजे करंट कमी." खरं आहे. पिवळट-तांबूस उजेड म्हणजे फिलामेंट पुरेशी तापलेली नाही.

आधी हँडलचा स्विच उघडला. आतलं ग्रीस काळं डांबर झालेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ब्रशने साफ केलं. काकांनी सॅण्डपेपर लावू दिला नाही, वरचा मुलामा जातो म्हणाले. एवढ्याने ०.९ चे ०.३ झाले. खर्च शून्य.

मग रिले. तत्त्व साधं आहे. आत्तापर्यंत बल्बचा सगळा करंट चावीतून आणि हँडलवरून फिरून यायचा. आता तो स्विच फक्त रिलेला इशारा देणार, आणि बल्बला करंट बॅटरीतून सरळ, जाड वायरीने जाणार. दोन रिले घेतले, एक डिपरला आणि एक अप्परला.

जोडणी अशी : ३० नंबरच्या पिनला बॅटरीच्या प्लसहून फ्यूजमार्गे वायर. ८७ वरून बल्बच्या नव्या होल्डरला. ८६ ला जुन्या होल्डरची डिपरची, दुसऱ्या रिलेला अप्परची वायर. ८५ अर्थ. बल्बची अर्थिंग चासिसवर कुठेतरी न घेता थेट बॅटरीच्या मायनसवर आणली, कारण ०.५ व्होल्ट त्याच बाजूला जात होते. वायर १.५ स्क्वेअर एमएम, थिंबल दाबून वर स्लीव्ह. होल्डर चिनीमातीचा घेतला, प्लास्टिकचा काही वर्षांत विरघळतो.

होल्डरवर आता १३.८ व्होल्ट. भिंतीवर २५५ लक्स.

बल्ब तोच आहे हे परत लिहून ठेवतो.

एक किंमत मोजावी लागणार. या बल्बचं माप १३.२ व्होल्टला धरलेलं असतं, आणि त्याच्यावर पाच टक्के व्होल्टेज वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. सीटखाली एक जादा बल्ब टाकलाय, कागदात गुंडाळून. काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापलं की काच तिथे फुटते.

काकांनी ९०/१०० वॅटचा बल्ब काढून दाखवला. "ह्यो टाक, विषय संपला." नको म्हटलं. माझ्या डूमचं रिफ्लेक्टर प्लास्टिकचं, आठवड्यात करपेल. शिवाय त्याचं बूड एच-फोरचं, दिसायला सारखं पण मापात फरक. कान घासून बसवतात लोक, आणि मग फिलामेंटची जागा चुकते. गाडीचा मॅग्नेटो, म्हणजे वीज तयार करणारा भाग, तेवढं देऊही शकत नाही. निळसर काचेचे 'झेनॉन लूक' बल्बही होते. निळी काच म्हणजे पिवळा-तांबडा भाग गाळून टाकणारी चाळणी. उजेड वाढत नाही, कमीच होतो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री पावणेबाराला तुंग आणि डिग्रजच्या मधे हेडलाइट गेला. डिपर नाही, अप्पर नाही. पायलट लॅम्प तेवढे चालू, कारण ते जुन्या वायरिंगवर आहेत. एका दुधाच्या टँकरच्या मागे मागे, त्याच्या टेललाइटवर डोळा ठेवून घरापर्यंत आलो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

चूक माझीच. नवी वायर हँडलच्या गळ्याजवळून ताणून नेली होती. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की ती स्टॉपरवर घासते. प्लास्टिक सोललं, चासिसला लागलं, फ्यूज उडाला. फ्यूज बॅटरीपासून एका वितीवर लावलेला म्हणून नुसता फ्यूज उडाला. तो बल्बजवळ लावला असता तर सोललेली वायर बॅटरी संपेपर्यंत तापत राहिली असती, वरच पेट्रोलची टाकी.

दुसरी चूक : दोन्ही रिलेंना एकच फ्यूज. एक दोष आणि दोन्ही लाइट बंद. आता डिपरला वेगळा, अप्परला वेगळा, १०-१० अँपिअर. गळ्याजवळ वायरीला सैल वळसा दिला, वर जाड स्लीव्ह, हँडल दोन्हीकडे वळवून वीसदा बघितलं.

३० नोव्हेंबर, शनिवार. अमावास्या

काळोखाची परीक्षा आजच घ्यायची म्हणून थांबलो होतो. रात्री दहाला धाकट्या भावाला घेऊन आमच्या पाणंदीवर. घरचं एक काळं, शेणामातीने माखलेलं पोतं घेतलं, कारण मला पांढरा खांब बघायचा नाही, बिनलाइटची ट्रॉली बघायचीय. भावाने पोतं वाटेत ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मी लांबून हळू पुढे यायचं आणि 'आहे काहीतरी' असं वाटलं की थांबायचं. मग टेपने अंतर. प्रत्येक प्रकार तीनदा, मधला आकडा लिहायचा. पोतं कुठे ठेवलंय ते मला माहीत नसावं म्हणून तो दरवेळी जागा बदलत होता. शेवटी शेवटी मुद्दाम ठेवतच नव्हता, हे त्याने घरी येऊन सांगितलं.

डिपर, जुन्या वायरिंगवर : २२ मीटर. जुना होल्डर तात्पुरता जोडून बघितला, स्विच साफ केल्याचा फायदा धरून.
डिपर, रिलेवर : २७.
एलईडी : २०.
अप्पर, रिलेवर : ६१.

२२ चे २७. दीडपट उजेड वाढवला आणि हाती पाच मीटर. आधी खट्टू झालो, मग लक्षात आलं की हे असंच असणार. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा होतो, म्हणून उजेड दीडपट-पावणेदोनपट केला तरी अंतर सव्वापटीच्या आसपासच वाढतं. निव्वळ उजेड वाढवून २७ चे ५३ करायचे तर चौपट लागेल. तो मार्ग नाही.

भाऊ म्हणाला, "दादा, तुझा डिपर पोत्यापर्यंत येतच नाही. माझ्या पायापाशी येतो आणि संपतो." तो बाजूला उभा राहून बघत होता, मी नाही. हे तपासायला हवं.

१ डिसेंबर, रविवार

डूमची पुढची काच पिवळी पडलीय. काच म्हणतो आपण, आहे पॉलिकार्बोनेट. उन्हाने वरचा थर मेला की ते पिवळं, धुरकट होतं. पाण्यासोबत १००० चा, मग १५०० चा, मग २००० चा पॉलिश पेपर, शेवटी रबिंग कंपाउंड. दीड तास. २५५ चे २९० लक्स.

टूथपेस्टनेही होतं म्हणतात, होतं थोडं. पण दोन्हींत ऊन अडवणारा मूळ थर निघून जातो, त्यामुळे सहा-आठ महिन्यांत परत पिवळं. वरून लॅकरचा स्प्रे मारावा लागतो. मी नाही मारला. डूम तसाही बदलायचाय.

आतल्या चकाकीला मात्र हात लावायचा नाही. तो अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, कापडाने पुसला की निघून येतो. माझ्या डूमच्या आत खाली एक राखाडी डाग आहे, कुणीतरी कधीतरी पुसलेला. बहुतेक मीच, २०१७ साली.

४ डिसेंबर, बुधवार

आज अवकाळी भुरभुर. येताना समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती काटेरी चांदणी. हे पावसामुळे म्हणावं तर पाऊस डिग्रजला थांबला, हेल्मेटचा व्हायजर पुसला, चांदण्या तशाच. व्हायजर वर केला, चांदण्या गेल्या.

म्हणजे गेली तीन वर्षं मी ओरखड्यांच्या जाळीतून बघतोय. नवा व्हायजर, साधा पारदर्शक, ३०० रुपये. या वहीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लाजिरवाणा सुटा भाग.

कामावर आज पिवळ्या उजेडावरून वाद झाला. धुक्यात पिवळा चांगला, कारण तो धुकं 'चिरतो'. मला पटलं नाही. धुक्याचा थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा, त्याला रंगाचं काय. डोळ्यासमोर पांढरा पडदा येतो तो वर सांडलेल्या उजेडाने. कृष्णाकाठचं पहाटेचं धुकं फर्स्ट शिफ्टवाले रोज बघतात. त्यांच्यातले जुने लोक धुक्यात अप्पर कधीच लावत नाहीत, रंग कुठलाही असो.

८ डिसेंबर, रविवार

नवा डूम आणला, लोकल, ३८० रुपये. ओरिजिनल साडेनऊशे म्हणून हात आखडला. बसवला, भिंतीसमोर लावला. चकाकी आरशासारखी, पण रेघ? मधे एक डबकं, डावीकडे दुसरं डबकं, मधे काळा पट्टा. बल्ब काढून परत बसवला, तेच. साचा ओरिजिनलवरून उतरवलेला दिसतोय, पैलू गोलावलेले. दुकानदाराने परत घेतला, वरून पाचशे सत्तर मोजून ओरिजिनल ऑर्डर केला. शनिवारी येईल.

एका मित्राने ऑनलाइन मागवलेला प्रोजेक्टर बसवलाय. त्याचा लाइट बघायला बोलावलं. रेघ सुरीने कापल्यासारखी, सुंदर. पण रेघेचा उजवा भाग वर चढलेला. तो उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचा आहे, तिथे रस्त्याची कड उजवीकडे असते. आपल्याकडे उजवीकडून समोरची गाडी येते. म्हणजे तो चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यात. त्याला सांगितलं, त्याला पटलं नाही. महाग पडलाय ना.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस मोठा. ओरिजिनल डूम बसवला. ५ मीटरवर ३४० लक्स, रेघ सरळ.

मग भावाचं म्हणणं तपासलं. गाडी भिंतीपासून १० मीटर. टायरमधली हवा आधी तपासली. मी गाडीवर बसलो, कारण माणूस बसला की गाडी दबते, स्टॅण्डवर लावून केलेलं फोकसिंग खोटं. भावाने हेडलाइटच्या मध्याची उंची मोजली : ९२ सें.मी. भिंतीवर डिपरची रेघ : ६७ सें.मी.

दहा मीटरमध्ये २५ सें.मी. खाली. म्हणजे रेघ जमिनीला टेकते ३७ मीटरवर. त्यापलीकडे डिपरचा उजेड जातच नव्हता, कितीही लक्स वाढवा. मागच्या सर्व्हिसिंगला तक्रार केली होती की लोक अप्पर मारतात. मिस्त्रीने स्क्रू फिरवून नाक खाली केलं असणार.

हेडलाइटच्या खाली मधोमध एकच स्क्रू आहे. रेघ ८० सें.मी.वर आणली. १० मीटरला १२ सें.मी. उतार, सव्वा टक्का. रेघ आता ७७ मीटरवर टेकते.

पण मुळात लोक अप्पर का मारत होते? याचं उत्तर बायकोने दिलं. चहा घेऊन आली, तिला म्हटलं जरा मागे बस. ती बसली आणि भिंतीवरची रेघ वर सरकत गेली. ८० वरून ११० वर.

मागचा शॉकअप ४ सें.मी. दबला. दोन चाकांतलं अंतर १३२. चार भागिले एकशे बत्तीस, तीन टक्के, दहा मीटरला तीस सेंटिमीटर. ११० म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या डोळ्याची उंची. तक्रार केली तेव्हा दिवाळीत आम्ही दोघं रोज मिरजेला जात होतो.

"म्हणजे माझ्या वजनानं लोकांचे डोळे दिपतात, असं लिहिलंय का वहीत?" तिने विचारलं. तसं लिहिलेलं नाही.

शॉकअप दोन खाचा कडक केला. आता ती बसल्यावर अडीच सें.मी. दबतो, रेघ ९९ वर. तरी वरच. त्यामुळे दोन खुणा केल्या : एकटा असताना एक, डबलसीट असताना स्क्रू दीड फेरा आत. खूण तिच्याच नेलपॉलिशने, गुलाबी. ऑइलपेंट शोधत बसलो होतो, तिने बाटली आणून दिली.

रात्री पाणंदीवर परत पोतं. आज पौर्णिमा, त्यामुळे ३० तारखेशी तुलना बरोबर होणार नाही हे माहीत आहे, तरी राहवलं नाही. डिपरला ५१. खरा आकडा पुढच्या अमावास्येला.

३० डिसेंबर, सोमवार. अमावास्या

सुट्टी काढली नाही, शिफ्टवरून आल्यावर साडेबाराला भावाला उठवलं. त्याचे शब्द लिहीत नाही.

डिपर : ४६ मीटर. अप्पर : ७८.

२२ होते, ४६ झाले. बल्ब आजही ३५ वॅटचाच.

पण ५३ नाहीत. म्हणजे साठच्या वेगाला डिपरवर मला अजूनही काळं पोतं वेळेत दिसत नाही. पंचावन्नला दिसतं, जेमतेम. समोरून गाडी येत असेल तर पन्नास, हा हिशेब आता स्पीडोमीटरवर. जादा फॉगलाइट लावायचा विचार आला होता, पण मॅग्नेटोचा हिशेब आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, दोन्ही आडवे येतात. आणि खरं म्हणजे मला आता पोत्याचाच राग यायला लागलाय.

५ जानेवारी २०२५, रविवार

पोत्यावर एक प्रयोग. चार बोटं रुंद, वीतभर लांब लाल रेडियम पोत्याला चिकटवलं. डिपरमध्ये, १५० मीटरवरून दिसलं. टेप संपली म्हणून त्यापुढे मोजलं नाही. पोतं आपल्यावर पडलेला उजेड चहूकडे उधळतो, माझ्या डोळ्यापर्यंत येतो तो चिमूटभर. रेडियममध्ये बारीक मणी किंवा पैलू असतात, ते आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणजे थेट हेडलाइटकडे आणि त्याच्यामागे बसलेल्या माझ्याकडे.

आमच्या चुलत्यांच्याही दोन ट्रॉल्या कारखान्याला आहेत. दुपारी रेडियमचा रोल घेऊन गेलो.

"आबा, मागं चिकटवू का?"

"चिकटीव की. पण वाडं लोंबतंय त्याच्यावर, दिसणार कुणाला?"

बरोबर. ट्रॉलीच्या पत्र्यावर लावून उपयोग नाही. मग जुन्या पत्र्याच्या दीड फुटी दोन पट्ट्या कापल्या, त्यांवर रेडियम, टोकांना भोकं पाडून तार. ट्रॉली भरली की मागच्या मोळ्यांना बाहेरून बांधायची. आबा बराच वेळ बघत होते. "लग्नातली गाडी हाय व्हय रं?" पण ड्रायव्हरला सांगितलं, बांधत जा.

१० जानेवारी, शुक्रवार

तुंगच्या अलीकडे, जवळपास त्याच जागी, लांब दोन लाल पट्ट्या दिसल्या. डिपरमध्ये. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, सावकाश मागे गेलो, ओव्हरटेक करताना ड्रायव्हरने हात केला. आमचीच ट्रॉली.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

आबांचा सकाळी फोन. ट्रॉली गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस ओततात त्या जागी, रिकामी करताना ड्रायव्हर तार सोडायला विसरला, एक पट्टी उसाबरोबर आत गेली. लोखंड आत गेलं म्हणून केनयार्डवाल्यांनी गव्हाण थांबवून ती शोधून काढली आणि ड्रायव्हरचा उद्धार केला. ड्रायव्हरने आबांचा केला, आबांनी माझा.

नव्या पट्ट्या रंगाच्या प्लास्टिक डब्याच्या झाकणाच्या. मोळीला नाही बांधायच्या, ट्रॉलीच्या मागच्या कडीला दोरीने, दोरी एवढी लांब की पट्टी वाड्याच्या बाहेर लोंबेल आणि ऊस पडला तरी कडीलाच राहील. आठ कापल्यात. चार आबांच्या, चार शेजारच्यांच्या, त्यांनी स्वतः मागितल्या.

डिपरचा फ्यूज आज बदलला, पाय काळा पडला होता. होल्डरवर १३.७.